दोन महासत्तांचे वैर, मैत्री आणि आपली साखर



सन २०२२ च्या जून महिन्यातली गोष्ट. आडसाली लागणीच्या तयारीसाठी घेतलेल्या गट मेळाव्यात बेणे, बेसल डोस, हुमणी हे नेहमीचे विषय झाले. "कुणाला काही विचारायचे आहे का?" असे आम्ही शेवटी म्हटले, तेव्हा मागच्या रांगेतले एक जुने सभासद उठले. म्हणाले, "साहेब, बेण्याचं कळलं. पण लढाई रशिया न् युक्रेनची, अमेरिका रुसली रशियावर, आणि निर्यात अडली आमच्या साखरेची. आमच्या उसानं त्यांचं काय घोडं मारलं?"

सभेत हशा पिकला. आम्ही दोन-चार वाक्यांत उत्तर दिले खरे, पण त्या सभासदाचे समाधान झाले नाही आणि आमचेही नाही. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून जरा सवडीने, पहिल्यापासून, हा विषय येथे मांडत आहोत.

अमेरिका आणि रशिया यांच्या संबंधांचे पुस्तक उघडले की त्यात अणुबॉम्ब, रॉकेटे आणि हेरांच्या गोष्टी दिसतात. पण आम्ही पडलो शेतकी खात्याची माणसे. आम्हाला त्यात मका दिसतो, गहू दिसतो आणि साखर दिसते. या दोन देशांचे कधी जमले आणि कधी बिनसले, याची खूण बहुतेक वेळा धान्याच्या आणि साखरेच्या बाजारात उमटलेली आहे.

मक्याच्या कणसावरून ओळख

रशियात १९१७ साली क्रांती झाली. नव्या सरकारला अमेरिकेने सोळा वर्षे मान्यताच दिली नाही. ती दिली १९३३ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात दोघे एका बाजूने लढले. युद्ध संपले आणि दोघांचे फाटले. प्रत्यक्ष लढाई नाही, पण बोलणेही धड नाही, अशी स्थिती पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे राहिली. यालाच शीतयुद्ध म्हणतात. बांधावरून भांडण झालेले दोन भाऊबंद जसे समोरासमोर आले की मान फिरवतात, पण एकमेकांच्या रानात काय उगवले आहे ते चोरून पाहतातच, तसा हा प्रकार होता.

१९५५ च्या प्रारंभी रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी आपल्या भाषणात अमेरिकेच्या मक्याचे आणि पशुपालनाचे कौतुक केले. अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे, मक्याचे कोठारच म्हणा. तिथल्या एका वृत्तपत्राचे संपादकीय लिहिणारे लॉरेन सोथ यांनी लिहिले की, रशियाच्या शेतकी तज्ज्ञांनी खुशाल आयोवात यावे आणि आमची शेती पाहावी. आश्चर्य असे की रशियाने ते मनावर घेतले. त्याच वर्षी दोन्ही देशांची शेतकी शिष्टमंडळे एकमेकांकडे जाऊन आली. सोथ यांना या अग्रलेखासाठी १९५६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आयोवातील रॉझवेल गार्स्ट हे संकरित मक्याचे बियाणे तयार करून विकणारे शेतकरी. त्यांनी रशियाला बियाणे विकले. पुढे सप्टेंबर १९५९ मध्ये ख्रुश्चेव्ह स्वतः अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा कून रॅपिड्स गावी गार्स्ट यांच्या शेतावर गेले. बातमीदारांची इतकी झुंबड उडाली की पाहुण्याला काही दाखवता येईना. गार्स्ट चिडले आणि मुरघासाचे मुटके उचलून त्यांनी बातमीदारांवर फेकले! दोन महासत्तांची बोलणी अशी मक्याच्या रानातही होत होती.

पण यातला शेतीचा धडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ख्रुश्चेव्ह यांना मक्याने भारून टाकले. रशियात मक्याखालचे क्षेत्र १९६२ पर्यंत साडेतीन कोटी हेक्टरांच्या वर गेले. आयोवाचे ऊन, पाऊस आणि काळी जमीन वेगळी, रशियाच्या उत्तरेची थंडी वेगळी. कित्येक भागांत मका पक्वच होईना. दुसऱ्याच्या रानातले पीक पाहून वाण आणले, पण आपली जमीन आणि हवा पाहिली नाही, की काय होते ते आपल्यालाही अनुभवाने माहीत आहे.

साखरेचा कोटा फिरला

आता साखरेकडे येऊ. क्यूबा हे अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचे बेट. तिथे ऊस म्हणजे सर्वस्व. अमेरिकेने साखर आयातीसाठी देशवार कोटे ठरवले होते. त्यात क्यूबाचा वाटा सगळ्यांत मोठा, वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास, आणि भावही जागतिक बाजारापेक्षा बरा.

जानेवारी १९५९ मध्ये क्यूबात फिडेल कॅस्ट्रो यांची सत्ता आली. फेब्रुवारी १९६० मध्ये रशियाचे उपपंतप्रधान मिकोयान हवानात गेले आणि करार झाला. रशिया क्यूबाची साखर घेणार, क्यूबाला कर्ज देणार आणि तेलही पुरवणार. रशियाचे तेल क्यूबात पोहोचले, तेव्हा तिथल्या परदेशी मालकीच्या तेलशुद्धीकरण कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. क्यूबाने त्या कंपन्या ताब्यात घेतल्या. लगेच ६ जुलै १९६० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी क्यूबाचा त्या वर्षीचा उरलेला सात लाख टनांचा कोटा कापला. रशियाने जाहीर केले की ती सात लाख टन साखर आम्ही घेऊ.

ऊस तोच, तोडणारे हात तेच, कारखाने तेच. पण आठवडाभराच्या आत गिऱ्हाईक बदलले. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी संबंध तोडले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात रशियाची अण्वस्त्रे असल्याचे उघड झाले आणि तेरा दिवस जगाचा श्वास अडकला. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह या दोघांनीही शेवटी एकेक पाऊल मागे घेतले म्हणून निभावले.

अमेरिकेच्या कोट्यातला क्यूबाचा वाटा इतर देशांत वाटला गेला आणि पुढे भारताच्याही पदरात थोडा आला. म्हणजे त्या दोघांच्या भांडणाचा धागा त्या काळीच भारतीय साखरेपर्यंत येऊन पोहोचला होता.

इतके टोकाला गेल्यावर दोघांनाही शहाणपण सुचले. १९६३ च्या जूनमध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संदेशाची सोय करण्याचे ठरले. ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार झाला. आणि ऑक्टोबरमध्ये केनेडींनी रशियाला गहू विकायला परवानगी दिली, कारण त्या वर्षी रशियाचे पीक बुडाले होते. ज्या देशावर वर्षापूर्वी क्षेपणास्त्रे रोखली होती, त्यालाच गहू! पोटाची गरज आणि शेतकऱ्याच्या कोठारातला माल यांनी जे जुळवले, ते जाहीर भाषणांनी जुळले नव्हते.

गव्हाचा गुपचूप सौदा

मे १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन मॉस्कोला गेले. ब्रेझनेव्ह यांच्याबरोबर अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारे करार झाले. संबंधांत ऊब आली. जुलैमध्ये अमेरिकेने रशियाला धान्य खरेदीसाठी तीन वर्षांत ७५ कोटी डॉलरपर्यंत उधारी देऊ केली.

इकडे रशियात हिवाळ्यात बर्फाचे पांघरूण कमी पडून गहू गोठला होता आणि उन्हाळ्यात पावसाने ओढ दिली होती. हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. रशियाच्या सरकारी धान्य खरेदी संस्थेचे लोक अमेरिकेत गेले. त्यांनी एकेका धान्य कंपनीशी वेगवेगळी बोलणी केली. एका कंपनीने किती विकले ते दुसरीला कळले नाही. सगळे सौदे पुरे झाले तेव्हा समजले की अमेरिकेच्या गहू पिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा रशियाने उचलला आहे, आणि तोही अमेरिकी सरकारच्या निर्यात अनुदानाचा फायदा घेऊन, स्वस्तात! वर्षभरात गव्हाचा भाव दुपटीच्या वर गेला.

यात मार कुणी खाल्ला? दक्षिणेकडच्या राज्यांत गहू लवकर निघतो. तिथल्या शेतकऱ्यांनी सुगी होताच जुलैत माल विकून टाकला होता. काही आठवड्यांनी भाव वर चढला आणि ते कपाळावर हात मारून बसले. बातमी ज्यांच्याकडे आधी होती, त्यांनी कमावले.

आता ते साल पुन्हा वाचा: १९७२. आपल्या महाराष्ट्रात त्याच साली महाभयंकर दुष्काळ होता. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली आणि रेशनच्या लाल मिलोची भाकरी थापलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. देशाला बाहेरून धान्य घ्यायची वेळ आली, नेमकी तेव्हाच जगाच्या बाजारात धान्य महाग आणि दुर्मिळ झाले होते. दोन महासत्तांच्या मैत्रीचा हा चटका होता. म्हणजे त्यांचे भांडण झाले तरच आपल्याला त्रास होतो असे नव्हे, गोडी झाली तरी होऊ शकतो. पुढे १९७३ मध्ये रशियाने भारताला २० लाख टन धान्य उसने दिले, हेही कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

१९७२ च्या गोंधळातून दोन्ही देश शिकले. ऑक्टोबर १९७५ मध्ये पाच वर्षांचा करार झाला. रशियाने दरवर्षी किमान ६० लाख टन गहू आणि मका घ्यायचा, ८० लाख टनांपर्यंत विचारायची गरज नाही, त्यापुढे हवे असेल तर आधी बोलायचे. गुपचूप सौद्याची जागा ठरलेल्या कराराने घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

६५ सेंटची साखर

याच काळात साखरेचे काय झाले? जगातले साठे घटले होते आणि युरोप-रशियातले बीटाचे पीक कमी आले होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखर पौंडाला ६५ सेंटांवर गेली. तोपर्यंत कुणी असा भाव पाहिला नव्हता. भारतानेही त्या तेजीत साखर निर्यात करून परकीय चलन मिळवले. मात्र त्या काळी आपल्या कारखान्यांच्या साखरेचा मोठा वाटा लेव्हीत जात असे (ती पद्धत २०१३ मध्ये बंद झाली), त्यामुळे बाहेरच्या भावाचे सोने ऊस उत्पादकाच्या हातात जसेच्या तसे पडले नाही.

आणि ती तेजी टिकली किती? दोन-तीन वर्षांत भाव दहा सेंटांच्या खाली आला. शिवाय जाताना ती आपल्यासाठी एक सवत ठेवून गेली. साखर इतकी महागल्यावर अमेरिकेतल्या उद्योगांनी मक्यापासून गोड पाक करण्याचे कारखाने वाढवले. १९८४ पर्यंत तिथल्या मोठ्या शीतपेय कंपन्यांनी साखर सोडून मक्याचा पाक धरला. ते गिऱ्हाईक साखरेकडे पूर्वीसारखे परत आले नाही. अति भावही पिकाला कसा मारतो, त्याचे हे उदाहरण.

बंदीचा बडगा कुणाच्या पाठीत?

डिसेंबर १९७९ मध्ये रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ४ जानेवारी १९८० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केले की करारातले ८० लाख टन सोडून रशियाला जाणारे १७० लाख टन धान्य थांबवले आहे. त्याच वर्षी अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला.

रशिया उपाशी राहील असा हिशेब होता. पण बाजारात दुकान एकच नसते. अर्जेंटिनाने बंदीत सामील व्हायला नकार दिला आणि चढ्या भावाने रशियाला माल विकला. इतर देशांकडूनही धान्य गेले. अमेरिकेचा शेतकरी मात्र संतापला, कारण राजकारण वॉशिंग्टनचे आणि गिऱ्हाईक गेले त्याचे. निवडणुकीत रेगन यांनी बंदी उठवण्याचे वचन दिले. ते स्वतः रशियाचे कडवे विरोधक, तरीही २४ एप्रिल १९८१ रोजी त्यांनी बंदी उठवली. १९८३ मध्ये नवा करार झाला. पण तोडलेले गिऱ्हाईक पूर्वीच्या विश्वासाने परत येत नाही. रशियाने दोन-तीन दुकाने धरून ठेवली ती ठेवलीच.

एकच गिऱ्हाईक, एकच जात

१९८५ मध्ये रशियात गोर्बाचेव्ह आले. जिनिव्हा आणि रेक्याविक येथे रेगन-गोर्बाचेव्ह भेटी झाल्या, डिसेंबर १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार झाला आणि शीतयुद्ध वितळू लागले. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्यच विसर्जित झाले. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण क्यूबाच्या ऊस उत्पादकाला विचारा!

तीस वर्षे रशिया क्यूबाची साखर जागतिक भावाच्या कितीतरी वर घेत होता आणि बदल्यात तेल, खते, यंत्रे देत होता. १९९० च्या सुमारास क्यूबाची साखर ८० लाख टनांच्या घरात होती. रशियाचा आधार गेला तशी खते थांबली, ट्रॅक्टरला डिझेल मिळेना, कारखान्यांना सुटे भाग मिळेनात. १९९३ च्या हंगामात उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. २००२ मध्ये सुमारे निम्मे कारखाने बंद करण्याचा निर्णय झाला. २०२२-२३ च्या हंगामात सगळ्या देशाची साखर साडेतीन लाख टनांच्या आसपास होती. एकेकाळी जगाला साखर पुरवणाऱ्या देशाची ही गत.

क्यूबाची आणखी एक गोष्ट ऊस विकासाच्या माणसाला विसरता येत नाही. १९७९-८० मध्ये तिथे उसावर तांबेरा आला. बी ४३६२ ही जात देशाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर होती आणि नेमकी तीच तांबेऱ्याला बळी पडणारी निघाली. पीक घटले, १९८० मध्ये जागतिक भाव पुन्हा भडकला, पण क्यूबाच्या हाती विकायला साखरच कमी! रानात एका जातीवर आणि बाजारात एका गिऱ्हाइकावर सगळा भार टाकलेला. दोन्ही बाजूंनी तो देश उघडा पडला.

काटा उलटला

आता त्या सभासदाच्या प्रश्नाकडे वळतो. जो रशिया १९६३ पासून गहू विकत घेत होता, तोच २०१६ नंतर बहुतेक वर्षी जगातला सर्वांत मोठा गहू निर्यातदार ठरला. बीटाचे पीक वाढवून साखरेतही स्वयंपूर्ण झाला. त्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि अमेरिका व तिच्या मित्रदेशांनी रशियावर निर्बंध घातले, तेव्हा गव्हाचा आणि तेलाचा भाव एकदम उसळला. तेल महागले की ब्राझीलचे कारखाने साखरेऐवजी इथेनॉलकडे ऊस वळवू पाहतात आणि साखरही तेजीत येते.

त्यातच आपल्याकडे उष्णतेच्या लाटेने गव्हाचे दाणे सुरकुतले. देशात महागाईची धास्ती निर्माण झाली. केंद्र सरकारने १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात थांबवली आणि १ जूनपासून साखर निर्यातीवर त्या हंगामासाठी १०० लाख टनांची मर्यादा घातली. तेव्हा, काका, आपल्या उसाने कुणाचे घोडे मारले नव्हते. दोन बैल झुंजले आणि आपले रान मधे आले, इतकेच.

आपण काय घ्यायचे?

महासत्तांचे संबंध आपल्या हातात नाहीत. पण वरच्या साठ-सत्तर वर्षांच्या हकिगतीतून आपल्या हातातल्या चार गोष्टी स्पष्ट दिसतात.

एक. महासत्तेचा निर्णय एका रात्रीत होतो, आपला आडसाली ऊस तयार व्हायला सतरा-अठरा महिने लागतात. म्हणून आजच्या परदेशी भावाची बातमी वाचून सगळे रान उसाखाली घालू नये आणि त्या भावाच्या भरवशावर कर्जही काढू नये. तो ऊस गाळपाला येईल तेव्हा बाजार कुठे असेल, हे कुणीच सांगू शकत नाही.

दोन. एकाच जातीवर विसंबू नये. को ८६०३२ ने आपल्याला भरभरून दिले आहे, पण सगळे शिवार तिच्या एकटीच्या स्वाधीन करणे धोक्याचे आहे. जमिनीचा मगदूर पाहून शिफारस केलेल्या दुसऱ्या जातीखालीही काही क्षेत्र ठेवावे. त्याचे बेणे गट कार्यालयाकडे आधी नोंदवावे.

तीन. कारखान्याने साखर, अल्कोहोल, वीज असे चार ठिकाणी हातपाय पसरले की काही सभासद कुरकुर करतात. एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे असावे, यासाठीच ती धडपड असते. मात्र कोणता माल केव्हा आणि किती भावाने विकला, हे विचारण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे. तो वार्षिक सभेत जरूर बजावावा. १९७२ मध्ये अमेरिकेचा शेतकरी नागवला गेला तो माहिती न मिळाल्यामुळे.

चार. एकरी उत्पादन आणि उतारा या दोन गोष्टी कोणत्याही राष्ट्राध्यक्षाच्या सहीने कमी-जास्त होत नाहीत. भाव पडला तरी ज्याचा एकरी खर्च कमी आणि टनेज जास्त, तोच तरतो. खोडव्याची पाचट जाळू नये, माती परीक्षण करून खत द्यावे, लागण आणि नोंद वेळेवर करावी. हे आम्ही दरवर्षी सांगतो म्हणून ते शिळे वाटते, पण वाऱ्याच्या दिवसांत तेच मुळे धरून ठेवते.

प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचे आम्ही आभारी आहोत. पुढच्या गट मेळाव्यात असेच प्रश्न यावेत. बेण्याचे आले तर उत्तर लगेच देऊ. जगाचे आले तर थोडी सवड मागून घेऊ.

— ऊस विकास अधिकारी